‘दिसतंय’ म्हटलं की सोडून द्यायचं का?

खिडकीवाला (धागाकर्ता)

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळली. ६७ माणसं गेली, एकही वाचलं नाही. चर्चा निघाली की कोणी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांवर घसरतं, कोणी टॉवरवर, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षावर. माझा राग एका पद्धतीवर आहे.

टॉवरने हेलिकॉप्टरला विमानाची माहिती दिली. हेलिकॉप्टर म्हणालं, दिसतंय, आमचं अंतर आम्ही राखतो. टॉवर म्हणाला, ठीक. याला ‘व्हिज्युअल सेपरेशन’ म्हणतात. तिथून पुढे अंतर राखायची जबाबदारी हेलिकॉप्टरची. हे दोनदा झालं.

रात्रीची वेळ, खाली शहराचे दिवे, वर रांगेत येणाऱ्या विमानांचे दिवे. त्यांनी नेमका कुठला दिवा पाहिला? घाटात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा किती लांब आहे ते आपल्याला कळत नाही, इथे तर रस्ताही नाही. शिवाय जे विमान तुमच्यावर आदळणार असतं ते काचेत एकाच जागी स्थिर दिसतं. सरकतं ते धोक्याचं नसतं. म्हणजे डोळा नेमका नको तिथे दगा देतो.

माझं मत: गजबजलेल्या विमानतळाजवळ, निदान रात्री तरी, प्रवासी विमान आणि बाकी कोणीही यांच्यात ‘दिसतंय’वर काम चालवणं बंद करा.

टॉवरकाका

निवृत्त कंट्रोलर आहे, म्हणून बोलतो. टॉवरमध्ये उभं न राहता असली मतं फार सोपी असतात.

रडारवर अंतर राखायचं म्हणजे तीन मैल आडवं किंवा हजार फूट उभं. गर्दीच्या विमानतळाशेजारून जाणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला हा नियम लावलात तर एकतर हेलिकॉप्टर उडणार नाहीत, नाहीतर विमानं घिरट्या घालतील. रुग्ण नेणारं हेलिकॉप्टरही त्यातच आलं. व्हिज्युअल सेपरेशन हा आळस नव्हे, रोज जगभर चालतं आणि नीट चालतं.

डोळ्याला कशाला बोल लावता? नकाशा बघा. त्या पट्ट्यात हेलिकॉप्टरची वाट नदीच्या पूर्व काठाने, कमाल २०० फुटांवर. ३३ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारं विमान त्याच वाटेच्या डोक्यावरून जातं. दोघांनी सगळे नियम पाळले तरी मधे ७५ फूट उरू शकतात, असं अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेच मार्च २०२५ मध्ये सांगितलं. सात मजली इमारतीएवढंही धड नाही! असला नकाशा आखणाऱ्याला विचारा.

खिडकीवाला

काका, नकाशा वाईट होता हे कबूल. पण तो नकाशा इतकी वर्षं चालला कशाच्या जोरावर? ‘दिसतंय’च्याच ना? रडारचं अंतर सक्तीचं असतं तर ती वाट पहिल्याच आठवड्यात बंद पडली असती.

त्याच तपासातला आकडा: ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळापाशी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात आडवं अंतर एका मैलाहून कमी आणि उभं ४०० फुटांहून कमी, असे १५,२१४ प्रसंग. आणि हे सरकारी नोंदींतच पडून होतं.

मंदार_सर्किट

दोघंही माणसावर अडकलाय. यंत्र काय करत होतं ते विचारा.

प्रवासी विमानात टीकॅस हे टक्कर टाळायचं यंत्र असतं, ते दुसऱ्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर (ओळख आणि उंची कळवणारा रेडिओ) ऐकून ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ सांगतं. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली मात्र ते हा आदेश देत नाही, कारण उतरताना ‘खाली जा’ सांगून कसं चालेल? त्या रात्री वैमानिकांना आदळण्याआधी सुमारे २० सेकंद फक्त ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ऐकू आलं. टक्कर तीनशे फुटांच्या आसपास झाली.

दुसरं, हेलिकॉप्टरचं एडीएस-बी, म्हणजे आपण कुठे आहोत ते सतत कळवणारं प्रक्षेपण, चालू नव्हतं. आणि प्रवासी विमानांत दुसऱ्यांचे हे संदेश पकडून पडद्यावर दाखवणारी सोय सक्तीची नाही. त्याच तपास मंडळाने ती बरीच वर्षं मागितली आहे. डोळे बंद करायला कोण सांगतंय, त्यांना चष्मा द्या.

टॉवरकाका

चष्मा द्या, जरूर द्या. पण यंत्राची आरती ओवाळण्याआधी १ जुलै २००२ आठवा. जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवर युबरलिंगेनच्या आकाशात रशियन प्रवासी विमानाला टीकॅस सांगतंय वर जा, कंट्रोलर सांगतोय खाली ये. वैमानिक खाली आले. ज्याच्याशी टक्कर झाली त्या मालवाहू विमानाचं टीकॅसही त्याला खालीच धाडत होतं. ७१ मेले. कंट्रोलर रात्रपाळीला एकटा दोन पडदे सांभाळत होता. पुढे मृतांच्या घरच्या एका माणसाने त्या कंट्रोलरचा खून केला. आम्हा मंडळींना तो किस्सा कुणी सांगावा लागत नाही.

वॉशिंग्टनलाही विमानं आणि हेलिकॉप्टर दोन्ही एकाच माणसाकडे होती. त्यात दोघांच्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या, म्हणजे एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. ‘विमानाच्या मागून जा’ हे टॉवरने सांगितलं, तेव्हा हेलिकॉप्टरचं बोलायचं बटण क्षणभर दाबलेलं होतं आणि नेमके ते शब्द बुडाले. माणसं वाढवा, हे कोणी बोलत का नाही?

मंदार_सर्किट

युबरलिंगेननंतर नियम स्पष्ट झाला ना, टीकॅस आणि कंट्रोलर वेगळं बोलले तर टीकॅसचं ऐकायचं. म्हणजे यंत्रच जिंकलं :)

चरखीची_आठवण

आपल्याकडचं कोणी काढलंच नाही. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदिया या सौदी कंपनीचं जम्बो १४,००० फुटांवर थांबवलेलं, दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन विमान १५,००० वर यायचं. हजार फूट अंतर, म्हणजे काकांचा पक्का नियम. ३४९ जण गेले, कारण कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली उतरलं. दिल्लीला येणारी-जाणारी विमानं तेव्हा एकाच अरुंद वाटेने जायची. कंट्रोलरकडे दुसऱ्या विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं रडार नव्हतं, वैमानिक सांगेल तीच उंची खरी.

मग खिडकीवाले, इथे तर ‘दिसतंय’ नव्हतं. नियमातलं अंतर असूनही घात झालाच की.

खिडकीवाला

होतं हो! कंट्रोलरने कझाक विमानाला समोरून जम्बो येतंय हे सांगितलं आणि शेवटी काय म्हटलं? दिसलं की कळवा. संध्याकाळी, ढगांत.

तो दोष कंट्रोलरचा नव्हे, त्याच्या हातात दुसरं होतं काय? त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, टीकॅस सक्तीचं केलं. डोळ्यावरचा भार काढला, हेच मी म्हणतोय.

जुहूकर

डोळ्यावरून आठवलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून आमच्या जुहूच्या इवल्याशा धावपट्टीवर उतरलं होतं. सकाळच्या उजेडात! धावपट्टी दिसत होतीच की, फक्त दुसरी दिसत होती. बॉम्बे हायची हेलिकॉप्टरं अजून इथूनच जातात, मोठा विमानतळ हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हा वाद मला अमेरिकेचा वाटत नाही.

टॉवरकाका

जुहूकर, जुहूचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या असूनही काम चालतं, कारण वाटा आणि उंच्या ठरलेल्या आहेत. पुण्याला लोहगावात हवाई दलच टॉवर चालवतं, लढाऊ आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर. लढाऊ उडत असली की प्रवासी थांबतं, आत बसलेले वैतागतात. वैतागू देत.

खिडकीवाल्यांशी एवढी तडजोड करतो: रात्री, उतरणीच्या शेवटच्या दोन मैलांत ‘दिसतंय’ नको. दिवसा, स्वच्छ हवेत, ते काढून घेऊ नका.

खिडकीवाला

दोन नाही, पाच मैल.

टॉवरकाका

भाजी घ्यायला आलात का?

पोटोमॅककाठी

रेगनपासून पंधरा मिनिटांवर राहते. धावपट्टीच्या टोकाशी ग्रेव्हली पॉइंट म्हणून मैदान आहे, तिथे रविवारी डबे घेऊन विमानं बघत बसायचो. नदीवरून हेलिकॉप्टर गेलं की मुलं हात हलवायची. त्या पट्ट्यातली हेलिकॉप्टरची वाट मार्च २०२५ मध्ये कायमची बंद झाली. बंद करता येत होती, म्हणजे आधीही येत होती. काका, त्यासाठी किती विमानं घिरट्या घालतात ते मोजायला आम्ही बसलेलोच असतो. धाकटा अजून विचारतो, आई, आज हेलिकॉप्टर का नाही?