डी-टाइपच्या रेप्लिकाला त्या काळचे हेडलाइट आणि बल्ब कुठून आणू?

कोव्हेंट्रीचा_संदीप

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर मी आजवर नुसता वाचक होतो, आता अडलोय म्हणून लिहितोय. घरामागच्या गॅरेजात जॅग्वार डी-टाइपची, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीची रेप्लिका जमवतोय. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल सगळं एका गंजलेल्या एक्सजे६ चं, बॉडी फायबरग्लासची. अस्सल गाडीचं नावच नको. १९५६ साली फ्लॉकहार्ट आणि सँडरसन यांनी ले माँ, म्हणजे फ्रान्सची चोवीस तासांची शर्यत, जिंकली ती गाडी, एक्सकेडी ५०१, २०१६ च्या लिलावात दोन कोटी डॉलरच्याही वर गेली. माझी तिच्याच निळ्या रंगात आहे, एक्युरी एकॉस या तिच्या स्कॉटिश संघाच्या. तेवढ्यावर समाधान.

घोडं अडलंय दिव्यांपाशी. किटबरोबर आलेले सात इंची दिवे एच४ या हॅलोजन बल्बचे आहेत. प्रकाश उत्तम, पण त्यांची साधी पारदर्शक काच पर्स्पेक्सच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) आवरणाआडून बघितली की गाडीचं वय पन्नास वर्षांनी कमी होतं. मला पन्नाशीच्या दशकातले लुकास या इंग्रजी कंपनीचे दिवे हवेत. आतमध्ये तीन पायांची पट्टी असलेले ट्रायपॉड पी७००, नाहीतर काचेवर 'ले माँ २४' अशी अक्षरं असलेले.

सध्या दोन जोड्या नजरेत आहेत. एक फ्रान्सच्या विक्रेत्याकडे, मार्शल या फ्रेंच कंपनीची, काच अगदी कोरी. दुसरी इथलीच, ट्रायपॉडची, पण जाहिरातीत 'रिफ्लेक्टरला नवीन क्रोम' असं अभिमानाने लिहिलंय. कुठली घेऊ? जुन्या होल्डरचे बल्ब अजून मिळतात का? ले माँसारखे पिवळे बल्ब लावले तर चालेल का? आणि डिसेंबरात पुण्याला येतोय, तेव्हा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार पालथा घालण्यात अर्थ आहे का? गाडी शोभेची नाही, रात्री रस्त्यावर चालवणार आहे.

———

खडखडाट

उत्तर माहीत नाही, पण फोटो टाका! धागा फोटोशिवाय काढल्याबद्दल निषेध. बाकी, घरात गॅरेज आहे आणि बायको परवानगी देते, या दोन गोष्टींबद्दल जळजळ नोंदवतो.

———

दिवाबत्ती_नाना

संदीपराव, काच बघून दिवा घेऊ नका. दिवा पालथा करा आणि मागचा होल्डर बघा. नाशिकला माझा ऑटो इलेक्ट्रिकचा गाळा आहे, रॅलीच्या जुन्या मॉरिस, ऑस्टिन, हिलमन माझ्याकडे वायरिंगला येतात. त्यांच्या मालकांचं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच असतं, काच किती सुंदर! बल्ब कोणता बसतो ते कुणी सांगत नाही.

तुमच्या कामात तीन प्रकारचे होल्डर भेटतील. जुन्या इंग्रजी गाड्यांचा बीपीएफ म्हणजे ब्रिटिश प्री-फोकस, त्याला पी३६डी असंही नाव आहे. बल्बच्या कमरेला पितळी चकती, तिला एक खाच, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. मागून तपकिरी बॅकेलाइटची टोपी, तिच्यात स्प्रिंगवाले काँटॅक्ट. टोपी दाबून फिरवली की निघते. ही टोपी शाबूत आहे का ते आधी बघा. बल्ब मिळतो, पण टोपीची कड तुटली की पंचाईत. दुसरा पी४५टी, आपल्याकडे जुन्या पद्मिनीत, बुलेटमध्ये, ट्रकमध्ये हाच. तिसरा तुमचा एच४, हा १९७१ चा, म्हणजे तुमच्या गाडीच्या काळात तो जन्मालाच आला नव्हता.

आता खरी गोम. पी४५टी आणि एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणजे डिपरला रिफ्लेक्टरचा वरचाच भाग काम करतो. बीपीएफमध्ये वाटी नाही. तिथे डिपरची फिलामेंट नुसती जागेवरून सरकवलेली असते, अख्खा रिफ्लेक्टर उजेड फेकतो आणि काचेवरच्या रेघा त्याच हिशेबाने ओतलेल्या असतात. त्यामुळे बीपीएफच्या दिव्यात ॲडॅप्टर घालून एच४ कोंबला की बल्ब जोरात पेटतो, पण रस्त्यावर उजेडाचे ठिगळ पडतात आणि समोरचा शिव्या घालतो. बाजारात नवीन बनावटीचे ट्रायपॉडही मिळतात, एच४ होल्डरसकट. काही चांगले आहेत, काहींनी जुन्या काचेचा साचा उचलून मागे एच४ चं भोक पाडलंय. पैसे देण्याआधी भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर बॅटरीला जोडून बघा. डिपर लावल्यावर वरचा अंधार आणि खालचा उजेड यांच्यामध्ये सीमा दिसली पाहिजे. ढग दिसला तर परत करा.

बीपीएफचे बल्ब नवीन मिळतात, १२ व्होल्टमध्ये ४२/३६ आणि ५०/४० वॅटचे जुने माप आहेत. आता त्याच पायावर हॅलोजनही येतात. घेताना एक विचारा: डिपर कुठल्या बाजूचा? या बल्बमध्ये डिपर डावीकडे झुकणारा आणि सरळ खाली झुकणारा असे वेगवेगळे प्रकार होते. जोडीतला एक असा आणि एक तसा लागला तर डोकं खाजवत बसाल.

मार्शलचा नाद सोडा. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, त्यांचा डिपर उजव्या कडेला उजेड टाकणार. इंग्लंडात तो थेट समोरच्याच्या डोळ्यात. कोरी काच आहे म्हणता, दिवाणखान्यात ठेवा.

क्रोमवाली जोडी स्वस्त असेल तर घ्या, पण रिफ्लेक्टर परत करून घ्यायचा खर्च धरून. क्रोम डोळ्याला चमकतो, प्रत्यक्षात ६५ टक्क्यांच्या आसपासच उजेड परत फेकतो. चांदी ९५ च्या घरात, ॲल्युमिनियम ८५-९० च्या. जाहिरातवाला अभिमानाने लिहितो त्यात त्याचा दोष नाही, बंपर करणाऱ्याकडे दिवा दिला की असंच होतं.

———

मृदुला_साउदॅम्प्टन

नानांना +१. इकडच्या बाजूचं मी सांगते. आमच्याकडे एमजीए ही जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार आहे, म्हणजे नवऱ्याची आहे, सुटे भाग मीच शोधते.

संदीप, सप्टेंबरात ब्यूलीचा ऑटोजंबल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, चुकवू नकोस. न्यू फॉरेस्टमध्ये भरतो, १९६७ पासून. लुकासचे सुटे दिवे, रिम, बॅकेलाइटच्या टोप्या, न वापरलेले बल्ब जुन्या खोक्यांसकट मिळतात. सकाळी लवकर जा आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी बरोबर ने. पिशवीतून बॅटरी काढली की विक्रेत्यांचे भाव आपोआप खाली येतात, हा माझा अनुभव. काच हातात घेऊन उन्हात तिरकी धर. बारीक टवके काठाला असतात, समोरून दिसत नाहीत.

रिफ्लेक्टरसाठी तुला लांब जायला नको. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये मुलामा देणारे अजून आहेत. लुकासचा ग्रेट किंग स्ट्रीटचा कारखाना तिथूनच हाकेच्या अंतरावर होता. कुणाकडेही दे, पण 'हा दिव्याचा आहे, चांदी हवी किंवा व्हॅक्यूममधलं ॲल्युमिनियम' हे कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं विसरतात.

पिवळ्याचं म्हणशील तर कायद्याने इथे हेडलाइट पांढरा किंवा पिवळा दोन्ही चालतो, फक्त जोडी एकसारखी हवी. पण पिवळा दिवा हा फ्रान्सचा नियम होता, तिथल्या गाड्यांसाठी, थेट १९९३ पर्यंत. स्कॉटिश संघाच्या इंग्रजी गाडीवर तो लावायचा म्हणजे आधी ५०१ चे त्या वर्षीचे फोटो बघ, मग ठरव. मला विचारशील तर नको. पिवळी काच उजेड खाते आणि जुन्या बल्बांकडे मुळात द्यायला फार नसतो.

आणि कुणी एलईडीचा बल्ब सुचवला तर नोंदणीतली पहिल्या वापराची तारीख आधी बघ. १ एप्रिल १९८६ किंवा त्यानंतरची असेल तर हॅलोजनच्या दिव्यात एलईडी घातलेली गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, नापास होते.

———

कोव्हेंट्रीचा_संदीप

नाना, मृदुलाताई, मनापासून आभार. मार्शल रद्द, एलईडीचा विचार नव्हताच. ट्रायपॉडवाल्याला विचारलं, होल्डर बीपीएफ आहे आणि टोप्या शाबूत आहेत. आता दोन शंका. प्रकाश वाढवायला १००/९० वॅटचे बल्ब मिळतात ते लावू का? आणि पुण्याच्या खरेदीचं काय?

———

दिवाबत्ती_नाना

१००/९० अजिबात नको. तुमच्या दिव्यापुढे पर्स्पेक्स आहे, ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि आत हवा खेळत नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या स्विचमधून एवढा करंट नेला की स्विच जळणार.

उजेड वाटेत सांडतो तो आधी वाचवा. इंजिन चालू, दिवे चालू, मीटरचं एक टोक बल्बच्या काँटॅक्टवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर नाही, दिव्याच्या अर्थवर. एक्सजे६ चा अल्टरनेटर आहे ना, मग बॅटरीवर १४ च्या आसपास दिसेल. दिव्याशी साडेबारा दिसले तर दहा टक्के व्होल्टेज वाटेत गेलं, आणि दहा टक्के व्होल्टेज जातं तेव्हा उजेड तीस टक्के जातो. फायबरग्लासच्या बॉडीत अर्थ बॉडीतून मिळतच नाही, प्रत्येक दिव्याची अर्थची वायर थेट चॅसीपर्यंत, जाड, आणि जोडाखालचा रंग खरवडून. अप्परला एक रिले (दिव्याचा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा विजेचा स्विच), डिपरला एक. नवीन रिले डोळ्यात खुपत असेल तर लुकासच्या जुन्या ६आरए रिलेच्या डब्यात बसवा, बाहेरून कुणाला कळत नाही. एवढं केलं की ५०/४० वॅटमध्ये नीट दिसतं, मुंबई-आग्रा रोडवर रात्री तेवढ्यावरच लोकांनी आयुष्य काढलं.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. ट्रायपॉडच्या आशेने जाऊ नका. ॲम्बेसेडरचे सात इंची दिवे आणि रिम मात्र सापडतील, आणि आपणही डावीकडून चालतो त्यामुळे त्यांचा डिपर तुम्हाला तिकडे चालेल. सुटी रिंग, स्प्रिंग, ॲडजस्टिंग स्क्रू यासाठी दोन-चार उचला. मुंबईत शुक्रवारी चोर बाजारात फेरी मारा, पण तिथे 'ओरिजिनल इंग्लंड' म्हणून काहीही विकतात, होल्डर बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

तुमच्या बकेटचा (दिवा बसतो त्या वाडग्याचा) आतला व्यास आणि स्क्रूचे आटे मोजून इथे टाका. आटे इंची आहेत का मेट्रिक, ते कळलं की स्क्रू मी गाळ्यातल्या डब्यातून काढून ठेवतो.