२५० ओहमच्या हेडफोनसाठी खिशात मावणारा, परवडणारा अँप कोणता घ्यावा?

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी कीर्तनाची रेकॉर्डिंग साफ करून देतो, गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची. ओळखीतल्या एकाकडून बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो घेतलाय, २५० ओहमवाला (ओहम जास्त, तेवढे जोरात वाजवायला व्होल्ट जास्त लागतात म्हणे). लॅपटॉपला थेट लावला तर आवाज शंभरवर नेऊनसुद्धा बुवा मंडपाच्या पार टोकाला उभे आहेत असं वाटतं. कच्च्या रेकॉर्डिंगला तर फारच बारीक, कारण मी लेव्हल मुद्दाम खाली ठेवतो. गजर टिपेला गेला की वीस-पंचवीस टाळ एकदम पडतात, त्यात पखवाजाची थाप. तेव्हा आवाज फाटला तर नंतर काही करता येत नाही.

बजेट पाच हजार, ताणून सहा. हेडफोनचा आवाज वाढवणारा अँप पोर्टेबलच पाहिजे, कारण निम्मं काम मंडपात बसून होतं, नाहीतर पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये. नवी पेठेत विचारून आलो, सगळे ब्लूटूथ स्पीकरच दाखवतात. घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत, सकाळपासून खटखट. अँप लावल्यावर त्या आवाजातही नीट ऐकू येईल ना?

कानसेन
आधी ॲपलचा यूएसबी-सी डोंगल (यूएसबीत खोचून त्यात हेडफोन लावायचा छोटा जोड) लावून बघा, स्वस्तात काम होईल. फक्त लॅपटॉपलाच लावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही.

मंडपसाऊंड
डोंगल चांगलाच आहे, पण इथे कमी पडेल. हिशोब मांडतो. डीटी ९९० प्रोची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या ताकदीला तो किती मोठा वाजतो ते, १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. त्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. २५० ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल. तयार गाण्यासाठी हे भरपूर झालं. पण तुमच्या कच्च्या फाइलचे शेंडे (सर्वात मोठे आवाज) शून्याच्या, म्हणजे आवाज फाटतो त्या मर्यादेच्या, खाली १२ डेसिबलवर असतील, तर ऐकू येणारे शेंडे ९० वर येतात आणि बुवांचं सरासरी बोलणं त्याच्याही बरंच खाली. तुम्हाला बारीक वाटतं ते यामुळेच.

म्हणून अँप बघताना मिलिवॅटच्या जाहिरातीकडे जाऊ नका, ते आकडे बहुधा ३२ ओहमचे असतात. ३.५ एमएमच्या जॅकवर व्होल्ट किती, तेवढं विचारा. किमान २, अडीच मिळाले तर उत्तम. अडीच व्होल्टला तुमचा हेडफोन ११० डेसिबलपर्यंत जातो.

"३.५ एमएमच्या जॅकवर" हे मुद्दाम लिहिलंय. मूनड्रॉप डॉन प्रो या डोंगल-अँपवर ४ व्होल्ट दिसतील, पण ते ४.४ एमएमच्या बॅलन्स्ड जॅकवर (त्याला दोन्ही कानांच्या तारा वेगवेगळ्या लागतात), ३.५ वर २ च. तुमच्या ९९० प्रोची गुंडाळीची वायर कायमची जोडलेली आहे. हेडफोन उघडून वायरिंग बदलल्याशिवाय बॅलन्स्ड जॅक वापरता येणार नाही. मग त्याचे पैसे कशाला भरायचे? सेनहायझर एचडी ६०० सारखी सुटी वायर असती तर गोष्ट वेगळी.

तुमच्या बजेटात फिओ केए११ हा डोंगल-अँप बघा. ३२ ओहमला २०० मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्टच्या आसपास. बोटाएवढा आहे, वेगळं चार्जिंग नाही. बजेट वाढलं तर क्यूडेलिक्स ५के: ३.५ वर २ व्होल्ट, स्वतःची बॅटरी आणि आत पॅरामेट्रिक इक्वलायझर (हव्या त्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायची सोय). ९९० प्रोचा वरचा भाग, ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास, मुळातच टोकदार आहे. टाळ कानाला टोचतात. तिथे ४-५ डेसिबल कमी केले की दिवसभर बसता येतं. पण हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं, फक्त अंतिम फाइल काढताना तो इक्वलायझर बंद करायला विसरू नका.

आणि आज रात्रीच एक करून बघा: मॉनिटरच्या ट्रॅकवर १० डेसिबल गेन वाढवा. शेंडे १२ खाली आहेत, फाटणार नाही. कदाचित अँपची घाईच उरणार नाही.

रात्रपाळी
यंत्रमागाचं कुणी बोललं नाही. मी स्वतः माग चालवतो, म्हणून कळकळीने सांगतो. ९९० प्रो मागून उघडा हेडफोन आहे, बाहेरचा आवाज सरळ आत येतो. अँप फक्त आवाज वाढवेल, खटखट कमी करणार नाही. मग माणूस नकळत व्हॉल्यूम चढवत जातो. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा धरतात, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आमच्या खात्यात पन्नाशीच्या कितीतरी लोकांना समोरचा काय बोलतो ते ओठ बघून समजून घ्यावं लागतं. तुमचं तर पोटच कानावर आहे. दिवसा घरी काम करायचं तर बंद हेडफोन घ्या, डीटी ७७० प्रो ८० ओहममध्ये मिळतो. ९९० माग थांबल्यावर वापरा.

पूर्वभाग_सोलापूर
सगळ्यांचे आभार. गेन वाढवून बघितला, बुवा एकदम जवळ आले. केए११ मागवतो. ७७० साठी पुढच्या हंगामापर्यंत पैसे साठवतो, तोवर बारीक काम रात्रीच. मंडपसाऊंड, एक राहिलं: मंडपात चार्जर लावला की घूं घूं येतं, ते जाईल का?

मंडपसाऊंड
चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घूं थांबली तर दोष बहुधा मंडपाच्या अर्थिंगचा. लॅपटॉप त्याच वेळी मिक्सरला जोडलेला असेल तर ती वायरही काढून बघा, अर्थिंगचा लूप (दोन वाटांनी अर्थिंग जोडली गेल्याने होणारा फेरा) बहुतेक तिथेच बनतोय. जोडून ठेवायचीच असेल तर त्या वायरच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारा) लावा. डोंगल बदलून हे जाणार नाही.