हेडलाइट लावताच गाडीतल्या संगणकाचा पडदा काळा पडतो

प्रश्न: जुन्या हॅचबॅकमध्ये मी रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा छोटा संगणक) आणि सात इंची एचडीएमआय डिस्प्ले बसवला आहे. घरी टेबलावर सारे सुरळीत चालते. गाडीत मात्र इंजिन चालू असताना पडद्यावर आडव्या रेघा सरकतात आणि हेडलाइट लावले, की पडदा क्षणभर काळा होतो. पाय बंद पडत नाही. एचडीएमआय केबल दोनदा बदलली. आता काय तपासावे?

उत्तर १: पाय चालू राहतो, म्हणजे संशय डिस्प्लेच्या पुरवठ्यावर घ्यावा. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. पुरवठ्याच्या दोन मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन चार मीटर तार होते, त्यामुळे अर्ध्या अँपिअरलाच ०.४ व्होल्ट वाटेत जातात. मल्टीमीटर डिस्प्लेच्या टोकाशीच लावावा, कन्व्हर्टरपाशी (गाडीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा) ५.१ दिसले म्हणून समाधान मानू नये.

उत्तर २: रेघांचे कारण बहुधा ग्राउंड, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली ऋण तार. पाय आणि डिस्प्ले यांचे ग्राउंड दोन वेगळ्या बोल्टना असल्यास ते एकाच जागी आणावे. फ्यूज बॅटरीजवळच हवा, हे जाता जाता.

प्रश्नकर्ता: डिस्प्लेपाशी ४.५ व्होल्टच भरले. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून १८ गेजची जाड वायर आणली आणि ग्राउंडच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, तेव्हा खाली चक्क गंज निघाला. काल रात्री कात्रज घाटातून हेडलाइट लावून आलो. पडदा एकदाही गेला नाही. वायपर चालू असताना एक पुसट रेघ अजून दिसते.