डिजिटल केबल ठीक, पण बॉक्सचा भुर्दंड ग्राहकालाच का?

शनिवारपेठकर:
पुण्यातली केबल दुसऱ्या टप्प्यात डिजिटल झाली, मुदत 31 मार्च 2013. डिजिटलला माझा विरोध नाही, राग सेट-टॉप बॉक्सचा आहे. पैसे आपण मोजायचे आणि केबलवाला बदलला की बॉक्स माळ्यावर, कारण तो दुसऱ्याचा सिग्नल उघडतच नाही. मोबाईल कंपनी बदलली म्हणून कुणी हँडसेट फेकतं का? कुठलाही बॉक्स कुणाकडेही चालावा, ही शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, केली 2020 मध्ये. ही अट केबल डिजिटल करणाऱ्या 2011 च्या कायद्यातच हवी होती. अमेरिकेने 2009 मध्ये जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद करताना बॉक्स घ्यायला घरटी 40 डॉलरची दोन कुपनं दिली. आपल्याकडे सक्ती सरकारची, खर्च आपला!

धायरीकर:
साफ असहमत. ती कुपनं अँटेनावाल्यांसाठी होती, केबलवाल्यांसाठी नाही. आणि आधीचं विसरलात का? पाऊस आला की पडद्यावर मुंग्या. केबलवाला कागदावर मोजक्या जोडण्या दाखवायचा, प्रत्यक्षात तार अख्ख्या गल्लीत. करमणूक कर बुडायचा, वाहिन्यांचे पैसेही. बॉक्स आला म्हणून खरी मोजदाद झाली.

शनिवारपेठकर:
मोजदाद झाली, मग बिल का नाही उतरलं? फेब्रुवारी 2019 च्या नव्या दरांत 100 फुकट वाहिन्यांसाठीच 130 रुपये पडायचे, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 153 रुपये 40 पैसे. आईच्या मालिकांची वाहिनी त्याच्या वर.

धायरीकर:
मग डीडी फ्री डिश घ्या, दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा. छत्री-बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही.

वाड्यातली:
फ्री डिश सुचवणाऱ्यांनी एकदा वाड्यात येऊन बघावं. त्या छत्रीला आग्नेयेला मोकळं आकाश लागतं. सासूबाईंच्या खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला, समोर सहा मजली इमारत. पूर्वी सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या अॅनालॉग मनोऱ्यामुळे साध्या अँटेनावर त्यांना सह्याद्री दिसायची. 2016 मध्ये दूरदर्शनने मुंबई, औरंगाबादसह 16 शहरांत अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात पुणे नव्हतं. अॅनालॉग बंद करायचं तर आधी सिंहगडावरून डिजिटल सुरू करायचं, हा साधा क्रम होता.

धायरीकर:
शहरात अँटेनावाली घरं उरलीत किती, ताई? तेवढ्यांसाठी मनोरा चालवणं परवडणारं नाही. गच्चीवर छत्री बसवा आणि खाली तार सोडा, आमच्या इमारतीत तसंच केलंय.

वाड्यातली:
वाड्याला गच्ची नाही, पत्रे आहेत. त्यावर खिळा ठोकायलासुद्धा मालक परवानगी देत नाही. आणि मोजकीच घरं उरली असतील, तर त्यांना 40 डॉलरसारखं कुपन देणं सरकारला जड नव्हतं.