अनुभव धागा : घरात धर्म बेताचा, सण मात्र सगळे

बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरात वाढलात, पण घरचे फार धार्मिक नव्हते? मग लहानपणचे सण आठवतील तसे लिहा. सुरुवात मीच करते.

आम्ही ठाण्याचे. पप्पा वर्षातून एकदा सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) जायचे, किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, पांढरे कपडे घालून. आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. आम्हा पोरांचा उपास अकरापर्यंत टिकायचा, मग मागच्या खोलीत चहा-बटर, आजीला कळायचं पण ती मुद्दाम तिकडे फिरकायची नाही. रोश हशानाचा, म्हणजे आमच्या नववर्षाचा, हलवा मात्र तिच्याशिवाय कोणी करायचा नाही. गहू भिजवून वाटून चीक काढायचा, नारळाचं दूध आणि साखर घालून ढवळत बसायचं, हात भरून आला की पुढचा माणूस. जेवणात मटण, आणि कोशर म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांत मांस-दूध एकत्र नाही, त्यामुळे गाईम्हशीचं दूध चालायचं नाही. एरवी हेच पप्पा बाहेर चीज घातलेला चिकन बर्गर हाणायचे, तेव्हा कोशर कुठे जायचं देव जाणे!

--

आमचं अलिबागजवळ. आजोबांना हिब्रू वाचता यायचं नाही, प्रार्थना पाठ होत्या त्याच म्हणायचे, अर्थ विचारला की चिडायचे. पण नोकरी लागो, पोरगं पास होवो, मलिदा ठरलेला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव. शेजारच्या काकू आमच्याआधी ताट घेऊन हजर. गावात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद म्हणून. आमच्या घरात तेव्हा घाणाही नव्हता आणि शनिवारही पाळत नव्हते, नाव तेवढं राहिलं.

--

वरच्या हलव्याबद्दल, आमच्याकडे मम्मी सरळ कॉर्नफ्लोअर वापरायची, आजीच्या भाषेत "तो हलवा नव्हे, खळ"

--

पुण्यात लाल देवळाजवळ (तिथलं सिनेगॉग) राहायचो. पुरीमला, म्हणजे एस्तेर राणीच्या सणाला, पुरणपोळी व्हायची आणि साधारण त्याच दिवसांत वाड्यात होळीचीही, म्हणून मला बरीच वर्षं तो एकच सण वाटायचा. शाळेत बाईंना सांगितलं की आमची होळी एस्तेर राणीची असते, बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. किद्दुशला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळच्या आशीर्वादाला, वाइन नाही, काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत. आता मी इस्रायलमध्ये अश्दोदला असते, इथे चांगली वाइन मिळते, तरी शुक्रवारी मनुका भिजत घालते. नवरा हसतो, मग दोन ग्लास पितो.