गुहेच्या मोजणीत टेप खरोखरच निकामी झाली काय?

सांगेकर : टेप आता अडगळीत टाकावी, लेझर मीटर हाती असेल तर एकटा माणूसही गुहेचा मिलिमीटरपर्यंत अचूक नकाशा करू शकतो, असे जांभेकर यांनी काल गोव्यातल्या रिवणच्या गुहेविषयी लिहिताना ठोकून दिले आहे. ते वाचून गप्प राहवले नाही. मिलिमीटरची अचूकता अंतराची असते, नकाशाची नव्हे. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतच्या १० मीटरच्या टप्प्यात होकायंत्र १ अंशाने चुकले, तर पुढची खूण सुमारे साडेसतरा सेंटीमीटर बाजूला सरकते. उलट तेवढ्याच टप्प्यात टेपला मधोमध २० सेंटीमीटर झोळ पडला, तरी लांबीत जेमतेम १ सेंटीमीटरचा फरक पडतो. खरी चूक दिशेत होत असताना अंतरासाठी पैसे ओतायचे, ही कसली प्रगती?

जांभेकर : सांगेकर बाब, गणित बरोबर आहे, मात्र ते घरात बसून केलेले दिसते. छताची उंची आपण टेपने कशी मोजता, काठीला बांधून? शिवाय बीट हीब या स्विस गुहा-अभ्यासकाने लायका कंपनीच्या डिस्टो या लेझर मीटरमध्येच होकायंत्र आणि उतारमापक बसवून डिस्टोएक्स तयार केले, त्याला बरीच वर्षे झाली. एका बटणात अंतर, दिशा आणि उतार तिन्ही मिळतात आणि ब्लूटूथने थेट फोनवर जातात, त्यामुळे आकडा ऐकण्यात किंवा लिहिण्यात चूक होत नाही.

डिचोलीची लेक : मी दोघांच्याही बाजूची नाही. आमच्या गटाने साधे लेझर मीटर नेले होते. यंत्राच्या मागच्या कडेपासून मोजायचे ठरले असताना कोणाचा तरी अंगठा बटणावर पडला आणि मोजणी पुढच्या कडेपासून होऊ लागली. त्यामुळे नंतरचा प्रत्येक टप्पा यंत्राच्या लांबीइतका आखूड भरला, आणि पडद्यावरचे आकडे इतके देखणे होते की दिवसभर कोणालाच शंका आली नाही. शिवाय आपल्या जांभ्याला भोके किती! लाल ठिपका भिंतीवर पडला असे वाटते, तो असतो बोटभर आत. खुणेवर पांढरे कार्ड धरायला दुसरा माणूस लागतोच, तेव्हा 'एकटा माणूस' ही बढाई पुरे.

सांगेकर : डिस्टोएक्सचे गुणगान करताना जांभेकर एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. ते यंत्र वापरण्याआधी वेगवेगळ्या दिशांना आणि यंत्र त्याच्याच अक्षाभोवती फिरवून ५६ वेळा नेम धरून कॅलिब्रेट करावे, म्हणजे त्याची दिशा जुळवून घ्यावी लागते, आणि आतली बॅटरी बदलली की तो खटाटोप पुन्हा. किती जण करतात?

जांभेकर : मी करतो. आपण हेल्मेटवरचा पोलादी टॉर्च होकायंत्राला चिकटवून वाचन घेता, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे!

सांगेकर : एकदा घेतले होते, आणि त्या टप्प्याचे उलट वाचन, म्हणजे पुढच्या खुणेवरून मागे पाहून दिशेचे वाचन, घेतल्यावर ८ अंशांचा फरक दिसला म्हणून चूक त्याच जागी सापडली. आपण उलट वाचन घेता काय, ते आधी सांगा.

वहीवाला : टॉर्चवरून भांडणाऱ्यांना मुख्य प्रश्नाचा विसर पडला आहे. आकडे कोणीही गोळा करील. भिंत कुठे आत वळते, पाणी कुठे साचते, दगड कुठे ढासळला आहे, हे गुहेत बसूनच रेखाटावे लागते. फोनवाल्या मंडळींचे कागद मी पाहिले आहेत : एक वाकडी रेघ आणि दोन्ही बाजूंना झाडूच्या हिरांसारख्या रेषा. चिखलाच्या बोटांनी पडदा चालत नाही, पेन्सिल चालते.

जांभेकर : वहीवाले, आपली वही पाण्यात पडलेली मीच उचलून दिली होती.

डिचोलीची लेक : आणि तिच्यातले सगळे वाचता आले, हेही लिहा.

जांभेकर : बरे, लिहिले. उलट वाचन मी घेत नव्हतो, पुढच्या खेपेपासून घेईन. टेप अडगळीत टाकण्याचे वाक्यही मागे घेतो. सांगेकरांना तिने छत मोजायचे असेल, तर शिडी मात्र त्यांनी आपली आपण आणावी.