मदत हवी आहे: मैदानाचं आरक्षण उठवण्यामागे कोण आहे ते कसं शोधायचं? हरकत कशी घ्यायची? (नाशिक)

गंगापूररोड_रहिवासी
नमस्कार. आमच्या भागात विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेली जागा रहिवास विभागात घेण्याची सूचना एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम ३७ खाली निघाली आहे. लोक म्हणतात यामागे बांधकामवाले आणि काही राजकीय मंडळी आहेत, पण कागद कोणाकडेच नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकून उत्तर आल्यावर हरकत घ्यावी, असा विचार आहे. बरोबर आहे का?

सातपूरकर
ताई/दादा, उत्तराची वाट पाहिलीत तर हरकतीची मुदत हातची जाईल. कलम ३७ मध्ये हरकतीला एक महिना मिळतो आणि माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस. बहुतेक गट इथेच फसतात. मुदत मोजताना राजपत्र आणि वर्तमानपत्र यांतली आधीची तारीख धरा, वाद नको.

त्यापेक्षा थेट फाइल बघा. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. नगररचना विभागात सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक सांगून मूळ अर्ज कोणाचा व कोणत्या तारखेचा, नगररचनेचा अभिप्राय काय, टिपणीवर (फाइलमधली कार्यालयीन नोंद) कोणी काय शेरा मारला, शासनाचे निर्देश असतील तर ते पत्र आणि महासभेचा ठराव, एवढं बघा.

ठराव सापडला की त्या सभेची विषयपत्रिका शेजारी ठेवा. विषय मूळ पत्रिकेत नसून जादा किंवा आयत्या वेळचा म्हणून आला असेल, तर कोणी मांडला आणि कोणी अनुमोदन दिलं, ती नावं टिपून घ्या. निवडून आलेले नगरसेवक नसताना, प्रशासकाच्या काळातला ठराव असेल तर चर्चा सापडणार नाही, तिथे टिपणीच सगळं सांगते.

माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाका, सुनावणीच्या वेळी उपयोगी पडतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘आरक्षण का बदलले?’ असं विचारू नका. त्याला ‘माहिती या संज्ञेत बसत नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक फाइलमधील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती’ असं मागा. उत्तर आलं नाही तर २० रुपयांच्या स्टँपवर ३० दिवसांत पहिलं अपील.

फेरफार_वाचक
‘मागे कोण’ हे शोधायचं तर सुरुवात सातबारापासून. फक्त मालकाचं नाव बघून थांबू नका, फेरफार, म्हणजे हक्क कसे बदलत गेले त्याच्या नोंदी, काढा. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून इंडेक्स २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा. साठेखत, विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र यांपैकी काही आरक्षण बदलाच्या अर्जाच्या थोडं आधी नोंदलं गेलं असेल तर खरा लाभार्थी तिथे दिसतो.

करारात कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं फुकट दिसतात. आतली कागदपत्रं बघायला कंपनीमागे १०० रुपये लागतात. भागीदारी संस्था असेल आणि तिचा दुसरा प्रकल्प चालू असेल, तर महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) पानावर प्रवर्तकांची नावं मिळतात. ही नावं लोकप्रतिनिधींच्या उमेदवारी शपथपत्रांशी ताडा. विधानसभा-लोकसभेच्या नमुना २६ मध्ये उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ता तर असतेच, शिवाय सरकारी कंत्राटांतला हितसंबंधही लिहावा लागतो. भाऊ, मेहुणा, व्याही मात्र त्यात येत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच असते.

गोदाकाठ
पक्षांच्या देणग्यांतून काही निघेल का? निवडणूक रोखे तर १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

फेरफार_वाचक
रोख्यांची यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे, २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचे वार्षिक अहवालही आहेत. बघा जरूर, पण एका सर्व्हे नंबरचा धागा तिथे लागणं अवघड. स्थानिक पातळीवरचा व्यवहार चेकने होत नाही.

नियोजन_नाका
दोन्ही कामं वेगळी ठेवा. हरकतीत ‘बिल्डर लॉबी’ हा शब्दही नको. पुरावा नसेल तर बदनामीची नोटीस येते, आणि सुनावणी घेणारा अधिकारी तेवढाच परिच्छेद धरून बाकीची हरकत ‘मोघम’ म्हणून बाजूला ठेवतो. हरकत नियोजनाच्या मुद्द्यांवरच हवी: मंजूर आराखड्यातला आरक्षण क्रमांक, भाग नकाशा आणि झोन दाखला, परिसरातली दुसरी मैदानं व त्यांचं चालत जाण्याचं अंतर, मैदानाच्या बदल्यात पर्यायी जागा दाखवली आहे का, आणि या बदलाने आराखड्याचं स्वरूप बदलतं का. कलम ३७ ची मर्यादा हीच आहे की स्वरूप बदलता कामा नये. बंगलोर मेडिकल ट्रस्ट (१९९१) निकालाचा हवाला द्या. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने त्यात चूक ठरवलं होतं.

आणखी एक. मालकाने कलम १२७ ची खरेदी सूचना दिली आहे का, ते विचाराच. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक अशी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, हरकती मागवण्याचा प्रश्नच येत नाही. नुसता ठराव ‘पाऊल’ ठरत नाही, हे गिरनार ट्रेडर्स निकालाने (२००७) स्पष्ट केलं आहे. तुम्ही ३७ वर लढत बसाल आणि १२७ ची मुदत गुपचूप संपेल. तशी सूचना असेल तर मागणी बदला: अंदाजपत्रकात तरतूद करा किंवा टीडीआर (पैशांऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घ्या.

सातपूरकर
नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा महापालिकेच्या कंत्राटात हिस्सा निघाला, तर महापालिका अधिनियमाच्या कलम १०(१)(च) खाली अपात्रतेचा विषय होतो. आरक्षणात थेट कंत्राट नसतं, त्यामुळे इथे ते ओढूनताणून लावू नका. आणि तुम्हाला झेरॉक्स-वकील पुरवायला कोणी फारच उत्साहाने पुढे आलं, तर त्याचाही सातबारा बघा. शेजारच्या भूखंडवाल्याला स्वतःच्या फायद्यासाठी हे मैदान राहायला हवं असू शकतं.

गंगापूररोड_रहिवासी
सगळ्यांचे आभार. एकाच पत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर चालेल ना?

नियोजन_नाका
चालेल, पण ती एकच हरकत धरली जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाने स्वतःच्या नाव-पत्त्याने, स्वतःचा एखादा वेगळा मुद्दा घालून द्यावी आणि ‘प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य न विसरता लिहावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अंतिम मंजुरी शासनाची असते, म्हणून एक प्रत नगरविकास विभागाला आणि एक नगररचना सहसंचालक, नाशिक विभाग यांना स्पीड पोस्टने पाठवा. सुनावणीला तोंडी बोलून परत येऊ नका. दोन पानी लेखी म्हणणं द्या, त्याचीही पोच घ्या.